कामाची हमी आणि तिचा खर्च

अमरावती किंवा अकोला येथील महाविद्यालयांतील अध्यापक, बँकेंतील कारकून अथवा सरकारी कचेरींतील कर्मचारी ह्यांच्या पगारपत्रकांत व्यवसायकराची एक लहानशी रक्कम वजा घातलेली असते. बहुतेक पगारदारांच्या बाबतींत ती दरमहा २०० रुपये व फेब्रुवारींत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकांठीं २,५०० रुपये इतकी भरते. प्राप्तीवरील कराची चर्चा घरोघर होते. ह्या कराची फारशी होत नाहीं. तो मुळांत कशासाठीं बसविण्यांत आला, हेंही आतां थोड्यांच्याच स्मरणांत असेल. महाराष्ट्र राज्यानें १९७५ सालीं हा कर बसविला, तो खेड्यांत ज्याला काम हवें आहे त्याला तें देतां यावें ह्या हेतूनें. शहरांतील पगार व खेड्यांतील रोजगार ह्यांना जोडणारा हा धागा आहे. सरकार रोजगारावर पैसा कसा खर्च करतें, आणि त्या खर्चाची परीक्षा कशी करावी, हें समजून घेण्यास ह्या धाग्यापासून आरंभ करणें सोयीचें होईल.

सरकारी खर्चाच्या योजना सामान्यतः दोन तऱ्हांच्या असतात. पहिल्या तऱ्हेंत आधीं रक्कम ठरते व मग काम ठरतें. विधिमंडळ एखाद्या रस्त्यासाठीं कांहीं कोटि रुपये मंजूर करतें. तेवढ्या पैशांत जितका रस्ता होईल तितका होतो आणि पैसे संपले कीं काम थांबतें. दुसऱ्या तऱ्हेंत क्रम उलटा असतो. आधीं माणसाचा हक्क ठरतो, व त्या हक्काला जितका पैसा लागेल तितका उभा करणें हें सरकारचें कर्तव्य होऊन बसतें. घरगुती दाखला द्यावयाचा तर, पंचवीस पानें वाढावयाचीं असें ठरवून शिधा आणणें ही पहिली तऱ्हा; दारीं आलेल्या कोणालाही उपाशी परत पाठवावयाचें नाहीं असा घरचा नेम असणें ही दुसरी. पहिल्या घरांत पाहुण्यांची संख्या शिध्यावर अवलंबून राहते, दुसऱ्या घरांत शिधा पाहुण्यांवर अवलंबून राहतो. पहिलीला ‘योजना’ म्हणावें व दुसरीला ‘हमी’ म्हणावें. दुसरा नेम पाळणें अधिक कठीण, आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणेंही अधिक अगत्याचें.

वऱ्हाडांत अशा हमीची गरज कां पडते, हें तेथील शेतीच्या वर्षावरून कळतें. अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांतील बरीचशी जमीन काळी व कसदार, पण पावसाच्या भरंवशावरची आहे. मृगाचा पाऊस पडला कीं कापूस, तूर व सोयाबीन ह्यांची पेरणी होते. आषाढ-श्रावणांत निंदण व डवरणी चालते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतें, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी होते. ह्या दिवसांत मजूर मिळत नाहींत अशी शेतकऱ्याची तक्रार असते, व ती खरीही असते. परंतु शेवटची वेचणी आटोपली, तूर घरीं आली, म्हणजे पुढील मृगापर्यंत कोरडवाहू गांवांत हातांना काम उरत नाहीं. मग कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी पुण्या-मुंबईची वाट धरतो. मेळघाटांतील कोरकू कुटुंबें डोंगर उतरून सपाटीवरच्या गांवांत हरभरा सोंगावयास येतात. मुलांची शाळा मध्येंच सुटते, आणि मागें राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहावयास कोणी नसतें.

ह्यावरून असें दिसेल कीं, येथील बेकारी बारमाही नाहीं. ती ऋतूबरोबर येते व ऋतूबरोबर जाते. तिच्यावरील उपायही तसाच पाहिजे. उन्हाळ्यांत तो हातीं असावा आणि पेरणीच्या वेळीं आपोआप मागें सरावा. मजुराच्या मागणीवर चालणाऱ्या कामाचा हा मोठा गुण आहे. शेतावर बरी मजुरी मिळूं लागली कीं मजूर सरकारी कामाकडे फिरकत नाहीं, आणि खर्च त्या मानानें आपोआप उतरतो.

संकटकाळीं सरकारनें कामें काढण्याची रीत जुनीच आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांतही अशीं कामें निघालीं. तेव्हां तो मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं होता. परंतु त्या कामांची किल्ली सरकारच्या हातीं होती. आधीं दुष्काळ जाहीर व्हावयाचा, मग काम निघावयाचें. आणि मजुरी जीव जगविण्यापुरती असावयाची. चांगल्या पावसाच्या वर्षांतही उन्हाळ्यांत जी बेकारी येते ती दुष्काळांत मोडत नव्हती. म्हणून तिच्यावर उपायही नव्हता.

ही किल्ली मजुराच्या हातीं देण्याची कल्पना विठ्ठल सखाराम पागे ह्यांनीं मांडली. ते १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति होते. तिचा पहिला प्रयोग १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत, विसापूर येथें झाला. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे वऱ्हाडांतील, पुसदजवळच्या गहुली गांवचे. कोरडवाहू शेतीचा उन्हाळा त्यांना परका नव्हता. १९७२ सालीं ही योजना राज्यभर लागू करण्याचें ठरलें, तोंच भीषण दुष्काळ आला आणि सारें बळ दुष्काळी कामांकडे वळवावें लागलें. मे १९७३ मध्यें त्या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत गेली होती. संकट ओसरलें, पण त्यानें एक गोष्ट दाखवून दिली. लक्षावधि लोकांना काम पुरविणें सरकारी यंत्रणेला अशक्य नाहीं. पुढें विधिमंडळानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा एकमतानें मंजूर केला, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला.

त्या कायद्यानें घालून दिलेली रीत थोडक्यांत अशी. खेड्यांतील ज्या प्रौढ माणसाची अंगमेहनतीचें काम करण्याची तयारी आहे त्यानें नांव नोंदवून कामाची मागणी करावी. मागणीपासून पंधरा दिवसांच्या आंत सरकारनें काम द्यावें. न दिल्यास बेकारभत्ता द्यावा. मजुरी झालेल्या कामाच्या मोजमापावर, आणि बायकांना व पुरुषांना एकाच दरानें मिळावी. काम असें निवडावें कीं, खर्चाचा मोठा भाग, म्हणजे साधारण साठ टक्के, अकुशल मजुरींत जावा, आणि तें संपल्यावर गांवाला पाणी, माती किंवा रस्ता ह्यांच्या रूपानें कांहीं टिकाऊ लाभ व्हावा. खरा गरजू कोण, हें शोधण्यासाठीं वेगळा अधिकारी नेमण्याची गरज राहत नाहीं. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत माती उपसावयास जो येतो त्याची गरज त्याच्या येण्यानेंच सिद्ध होते.

हमी द्यावयाची तर पैशाचीही निश्चित सोय पाहिजे. म्हणून कायद्यानें स्वतंत्र रोजगार हमी निधि निर्माण केला. व्यवसायकर, विक्रीकरावरील व मोटारींवरील जादा आकार, बागाईत जमिनीवरील कर, शहरांतील बिगरनिवासी इमारतींवरील कर असे अनेक ओहोळ त्यांत आणून सोडले, आणि ह्या करांतून जितकी रक्कम जमेल तितकीच सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी असें ठरविलें. शहरांतील दुकानदाराच्या मालमत्ताकराच्या बिलावर रोजगार हमी कराची ओळ दिसते, ती ह्याच व्यवस्थेची खूण होय.

ह्या पैशाचें मान समजण्यापुरता एक हिशेब करून पाहतां येतो. २०२४-२५ ह्या वर्षीं महाराष्ट्रांत हमीच्या कामावर दिवसाच्या मजुरीचा दर २९७ रुपये होता. एका कुटुंबाला शंभर दिवस काम मिळालें तर त्याच्या हातीं २९,७०० रुपये येतात. मजुरी हा खर्चाचा साठ टक्के भाग धरल्यास सामानसुमानासह एकूण खर्च ४९,५०० रुपये होतो. वर्षाला २,५०० रुपये भरणारे वीस पगारदार एकत्र केले म्हणजे ही रक्कम उभी राहते. प्रत्यक्षांत २००६ पासून ह्या खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकारकडून येऊं लागला. तेव्हां हा हिशेब केवळ प्रमाण दाखविणारा समजावा. तरीपण एका मध्यम शाळेंतील शिक्षकवर्गाच्या करांत एका मजूर कुटुंबाचे शंभर दिवस भागूं शकतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पैसा कोणत्या कामावर लागतो हेंही पाहिलें पाहिजे. कारण वऱ्हाड हा एकजिनसी मुलूख नाहीं. मेळघाटांत, म्हणजे धारणी व चिखलदरा ह्या तालुक्यांत, जमीन उताराची. तेथें पाऊस पुष्कळ पडतो, पण माती घेऊन वाहून जातो. तेथें उतारावर समपातळींत चर खणणें, दगडी बांध घालणें व झाडें लावणें हें उपयुक्त काम. डोंगर उतरून पूर्णेच्या खोऱ्यांत आलें कीं खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर ह्या भागांत जमिनीखालचें पाणी खारट निघतें; विहीर खणून पिकाला फारसा उपयोग नाहीं. तेथें आभाळांतून पडलेलें गोडें पाणी शेततळ्यांत सांठवून ठेवणें हाच मार्ग. वरूड व मोर्शी ह्या संत्र्यांच्या तालुक्यांत प्रश्न आणखी निराळा. १९९० सालीं रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग लागवडीची योजना निघाली. तिच्यामुळें ज्याच्यापाशीं भांडवल नाहीं अशा लहान शेतकऱ्यालाही खड्डे खणणें, कलमें लावणें व त्यांची निगा राखणें ह्यांसाठीं मदत मिळूं लागली. मजुरी संपली तरी झाड उभें राहिलें. पण संत्र्याच्या बागांसाठीं भूजलाचा उपसाही वाढत गेला. म्हणून तेथें पाणी जिरविण्याचीं कामें बागेइतकींच आवश्यक झालीं. एकाच दोन जिल्ह्यांत तीन तऱ्हांच्या गरजा असतील तर कामांची यादी मुंबईस बसून करतां येणार नाहीं. ती गांवांत बसूनच झाली पाहिजे.

आतां ह्या हमीची कठीण बाजू. हक्काची किंमत वाढली कीं सरकारची नजर शिध्याच्या डब्याकडे जाते. १९८८ सालीं हमीच्या कामावरील मजुरीचा दर जवळजवळ दुप्पट करण्यांत आला. मजुरी वाढल्यावर अधिक लोक कामावर यावेत अशी अपेक्षा. पण झालें उलट. हजेरी घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं ह्या आंकड्यांची छाननी करून असा निष्कर्ष काढला कीं, मागणी असूनही काम मोजूनमापून दिलें जाऊं लागलें होतें. कायद्याचें एक अक्षरही बदललें नव्हतें. काम उशिरा उघडणें, दूरच्या ठिकाणीं उघडणें, मागणीची नोंदच न घेणें अशा मार्गांनीं कोणतीही हमी हळूहळू साध्या योजनेसारखी होऊं शकते. लेखी मागणी व तिची दिनांकासह पोंच ह्या गोष्टींना महत्त्व आहे तें ह्याचसाठीं. पोंच नसेल तर पंधरा दिवस मोजावयाचे कोठून?

महाराष्ट्राच्या ह्या अनुभवावरून पुढें सबंध देशासाठीं २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला. त्यांत प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षांत शंभर दिवस कामाचा हक्क मिळाला. २ फेब्रुवारी २००६ रोजीं तो ज्या पहिल्या दोनशें जिल्ह्यांत लागू झाला त्यांत अमरावती होता. अकोला त्यानंतर सामील झाला, आणि १ एप्रिल २००८ पासून तो देशांतील सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. अकुशल कामाची मजुरी केंद्र सरकारनें द्यावी व सामानाच्या खर्चाचा चौथा हिस्सा राज्यानें उचलावा अशी वांटणी होती. महाराष्ट्रानें आपला १९७७ चा कायदा रद्द केला नाहीं. शंभर दिवसांपलीकडील कामाचा भार राज्यानें आपल्याकडे ठेवला.

हमीचा खर्च अंदाजपत्रकांत आधीं नेमका कां सांगतां येत नाहीं, ह्याचीं दोन उदाहरणें देतां येतील. २०२०-२१ सालीं केंद्रीय अंदाजपत्रकांत ह्या कामासाठीं ६१,५०० कोटि रुपये धरले होते. करोनाच्या सांथींत शहरांतील कामें बंद पडून मजूर गांवीं परतले, आणि वर्ष सरतांना हा अंदाज १,११,५०० कोटींवर न्यावा लागला. २०२३-२४ सालीं ६०,००० कोटि धरले व पुढें ते ८६,००० कोटि करावे लागले. हे आंकडे पाहून हिशेब चुकला असें कोणी म्हणेल. परंतु अंदाजापलीकडे जाणारा खर्च हें हमी जिवंत असल्याचें चिन्हही असूं शकतें. उलट, अंदाज पुरा होण्याआधींच कामें थांबूं लागलीं, अथवा मजुरी आठवडेच्या आठवडे अडकून पडूं लागली, तर तेथें मागणीच पैशाच्या मापानें कापली जात आहे असें समजावें.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें २००५ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत कामाचे दिवस शंभरांवरून एकशें पंचवीस करण्यांत आले, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामांत मिळून साठ दिवसांपर्यंत कामें थांबविण्याची मुभा देण्यांत आली. कापसाच्या वेचणीला मजूर न मिळणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला ही तरतूद सोयीची वाटेल; शेतावरील मजुरी वाढवून मागण्याचें बळ ज्या मजुराला दुसऱ्या कामाच्या उपलब्धतेनें मिळतें त्याला ती तितकी सोयीची वाटणार नाहीं. पैशाची वांटणीही बदलली. बहुतेक राज्यांसाठीं केंद्राचे साठ व राज्याचे चाळीस टक्के असें प्रमाण ठरलें. शिवाय प्रत्येक राज्याचा वांटा केंद्रानें ठरवावा व त्यापलीकडील खर्च राज्यानें सोसावा असें ठरलें. दिवस वाढले हें खरें. पण शिधा आधीं ठरवून पानें वाढण्याच्या पद्धतीकडे हें एक पाऊल आहे. ह्या व्यवस्थेंत राज्याच्या तिजोरीचें महत्त्व वाढतें, आणि व्यवसायकरासारख्या करांचा मूळ हेतु पुन्हां ताजा होतो.

रोजगाराच्या खर्चाची दुसरी बाजू प्रशिक्षणाची आहे. बारावी झालेल्या अथवा पदवी घेतलेल्या तरुणाला माती उपसण्याच्या कामाची हमी पुरेशी नाहीं. त्याच्यासाठीं सरकारचा पैसा निराळ्या वाटेनें जातो. १९५० सालीं कारागीर प्रशिक्षणाची देशव्यापी योजना निघाली व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा पाया घातला गेला. १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. अमरावती व अकोला येथें अशा संस्था आहेत. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेलें व डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवानें चालणारें कृषि विद्यापीठही आहे. २०२४ सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. वर्षाला दहा लाख तरुणांना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणीं सहा महिने अनुभव मिळावा, आणि बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, औद्योगिक प्रशिक्षण वा पदविका घेतलेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन मिळावें, अशी तिची मांडणी होती. खर्च ५,५०० कोटि रुपये धरला होता.

येथें खर्चाचा क्रम पहिल्या तऱ्हेचा आहे हें ध्यानांत येईल. रकमेवरून जागा ठरतात, जागांवरून माणसें ठरतात. त्यांत दोष आहे असें नाहीं. शिकविण्याला शिक्षक, यंत्रें व कारखाने लागतात आणि तीं मागतांक्षणीं उभीं करतां येत नाहींत. परंतु म्हणूनच अशा योजनेची परीक्षा वेगळ्या कसोटीनें झाली पाहिजे. किती जणांनीं विद्यावेतन घेतलें हा तिचा आरंभ आहे. मुदत संपल्यावर किती जण पगारावर राहिले हें तिचें फळ आहे. वऱ्हाडचा कापूस पुष्कळसा बाहेर जाऊन सूत व कापड होतो, आणि त्याच्या मागोमाग वऱ्हाडचा तरुणही बाहेर जातो. अमरावतीजवळ नांदगांव पेठ येथील वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला सप्टेंबर २०२४ मध्यें बसविण्यांत आली. तेथें उभ्या राहणाऱ्या कारखान्यांना कोणती कारागिरी लागेल हें आधीं पाहून अमरावती-अकोल्याच्या प्रशिक्षण संस्थांतील वर्ग आंखले गेले, तर शिकण्यावरील खर्च मजुरींत उतरेल. नाहीं तर प्रमाणपत्र हातीं येईल आणि गाडी पुण्याचीच धरावी लागेल.

अंदाजपत्रक प्रसिद्ध झालें म्हणजे वृत्तपत्रांत कोटींचे मोठे आंकडे येतात, आणि रक्कम मोठी म्हणजे काम मोठें असें वाचणाऱ्यास वाटतें. रोजगाराच्या बाबतींत हें माप पुरें पडत नाहीं. त्याऐवजीं साधे प्रश्न विचारावेत. काम मागणाऱ्याला मागणीची पोंच मिळाली काय? पंधरा दिवसांत काम मिळालें काय? केलेल्या कामाची मजुरी वेळेवर पोंचली काय? पावसाळा उलटल्यावर त्या तळ्यांत पाणी राहिलें काय? आणि शिकून निघालेल्या मुलामुलींना जिल्ह्यांतच काम लागलें काय? हे प्रश्न विचारण्याचा अधिकार खेड्यांतील मजुराला आहेच. पण दरमहा दोनशें रुपये देणाऱ्या शहरांतील कुटुंबालाही तितकाच आहे. शहरानें पैसे द्यावयाचे आणि खेड्यानें उन्हांत राबून तळीं, बांध व झाडें उभीं करावयाचीं, असा हा करार आहे. करारांतील एका बाजूनें आपला वांटा नियमानें भरला आहे. दुसरीला तिचें काम नियमानें मिळतें कीं नाहीं हें पाहणें हा त्या वांट्याचाच उरलेला भाग होय.